हिमप्रदेशांतील दोन सारथी

पाणी शून्य अंशावर गोठतें, हें वाक्य आमच्या शाळेंतील लहान मुलासही पाठ असतें. परीक्षेंत त्याबद्दल त्यास एक गुण मिळतो आणि पुढें तें वाक्य विस्मृतींत जातें. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे प्रदेश आहेत कीं, जेथें या एका वाक्याचा अर्थ नीट न उमगल्यामुळें माणसें प्राणांस मुकतात. त्या प्रदेशांत लहान विमान चालविणाऱ्या वैमानिकाचा व मोटार हांकणाऱ्या सारथ्याचा हिवाळा कसा जातो, याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या महाराष्ट्रांतील हिवाळा म्हणजे सुखाचा काळ. शेतांत हुरडा, अंगणांत शेकोटी आणि खांद्यावर घोंगडी, एवढ्यावर आमची थंडी भागते. निफाडकडे एखाद्या पहाटे द्राक्षांच्या पानांवरील दंव गोठलें, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी होते. त्यामुळें "कडक हिवाळा" हे शब्द कानीं पडतांच आमचा विद्यार्थी अशी कल्पना करितो कीं, पारा जितका खालीं, तितका धोका अधिक. ही कल्पना स्वाभाविक असली तरी पुष्कळ अंशीं खोटी आहे. उणे चाळीस अंशांची थंडी क्रूर खरी, पण ती समोरून चाल करून येणारा शत्रु आहे. तिची चाहूल लागते व तिच्याशीं झुंजण्याचीं साधनें मनुष्यानें शोधून काढिलीं आहेत. शून्याच्या थोडी वर व थोडी खालीं अशी जी हवा असते, ती मात्र मित्राचा वेष घेऊन येते. सैल कपड्यांनिशीं बाहेर पडावें अशी ती सौम्य भासते आणि तिच्याच पोटीं बहुतेक घात असतात. हें कसें, तें आतां क्रमानें पाहूं.

यासाठीं अलास्का व उत्तर कॅनडा हे प्रदेश आम्हीं निवडले आहेत, त्याचें कारण उघड आहे. अलास्कांतील बहुतेक गांवांस सडकच नाहीं. टपाल, औषध, पीठ, साखर, शाळेचा शिक्षक आणि आजारी मनुष्य या सर्वांची ने-आण तेथें लहान विमानांतून होते. आपल्याकडे एस. टी.ची गाडी, तसें तेथें चार-सहा माणसांचें विमान. जेथें सडका आहेत तेथें सहा-सहा महिने बर्फांतून मोटार हांकावी लागते. हिवाळा टळेपर्यंत घरीं बसून राहणें कोणालाच परवडत नाहीं.

प्रथम समोरून येणाऱ्या शत्रूकडे वळूं. उणे चाळीस हा आंकडा मोठा चमत्कारिक आहे. सेल्सिअस व फॅरनहाइट या दोन्ही मापनपद्धति याच एका बिंदूवर एकमेकींस भेटतात. म्हणून "उणे चाळीस" म्हटल्यावर कोणत्या मापाचे, असें विचारण्याचें कारण उरत नाहीं. (विद्यार्थ्यांनीं समीकरण मांडून पडताळा पाहावा.) या थंडींत इंजिनांतील साधें तेल काकवीहूनही दाट होतें. ॲल्युमिनियम हा धातु पोलादापेक्षां अधिक आकुंचन पावतो, त्यामुळें इंजिनाच्या अंगोपांगांमधील सूक्ष्म अंतरें बदलतात. अशा इंजिनास बळेंच फिरविलें, तर तेल पोहोंचण्यापूर्वींच धातूवर धातु घांसतो व एका सकाळींत महिन्यांची झीज होते. म्हणून विमानाचीं इंजिनें बनविणाऱ्या कारखान्यांची सूचना अशी असते कीं, सुमारें उणे ७ ते उणे १२ अंशांखालीं इंजिन आधीं ऊब देऊनच सुरू करावें.

आज ही ऊब विजेनें देतात. शंभर वर्षांपूर्वीं ती कशी देत, तें ऐकण्यासारखें आहे. अलास्कांतील आद्य वैमानिकांपैकीं एक कार्ल बेन आयल्सन हा मूळचा शाळामास्तर. १९२२ सालीं तो फेअरबँक्स येथील हायस्कुलांत शिकविण्यास आला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस थोडी अभिमानाची वाटावी. २१ फेब्रुवारी १९२४ रोजीं त्यानें फेअरबँक्सहून मॅकग्राथ या गांवीं विमानानें टपाल नेलें. कुत्र्यांच्या घसरगाडीस ज्या वाटेवर आठवडे लागत, ती त्यानें तीन तासांच्या आंत काटिली. अशा वैमानिकाचा दिवस मुक्कामावर उतरल्यानें संपत नसे. स्वतःच्या पोटाची चिंता करण्यापूर्वीं तो इंजिनांतील तेल गरम आहे तोंच डब्यांत काढून घेई व तो डबा झोपडींत चुलीपाशीं ठेवी. विमानाच्या चाकांच्या जागीं स्की नांवाच्या लांब पट्ट्या असत. त्या रात्रींतून बर्फास चिकटून बसूं नयेत म्हणून त्यांच्याखालीं झाडाच्या फांद्या घाली. पंखांवर कापडी खोळी चढवी. पहाटे इंजिनावर जाड किंतानाचा तंबू पांघरून आंत पेटता स्टोव्ह ठेवी आणि तास-दीड तास स्वतः त्या तंबूंत उकिडवा बसून ज्वाळेवर नजर ठेवी. कारण डोळा लागला तर ऊब मिळण्याऐवजीं विमानच जळावयाचें. मग चुलीवरचें ऊन तेल ओतून तो इंजिन सुरू करी. हें एवढें सारें रोज सकाळीं!

थंडीशीं समोरासमोर झालेल्या झुंजीचें एक प्रसिद्ध उदाहरण कॅनडांतील आहे. डिसेंबर १९२८ मध्यें उत्तर आल्बर्टांत घटसर्पाचा रोगी आढळला आणि सांथीचें भय निर्माण झालें. फोर्ट व्हर्मिलियन येथील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसांस बर्फांतून जवळच्या तारघरापर्यंत पोहोंचण्यास जवळजवळ दोन आठवडे लागले. तार मिळतांच वॉप मे व व्हिक हॉर्नर हे दोघे वैमानिक २ जानेवारी १९२९ रोजीं एडमंटनहून निघाले. विमान लहान, बसण्याची जागा उघडी, खालीं स्की नव्हत्या, साधीं चाकें होतीं. औषध गोठूं नये म्हणून त्यापाशीं लहानशी शेगडी ठेविली होती. पांचशें किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ते दुसऱ्या दिवशीं तेथें उतरले व ६ जानेवारीस परत आले. थंडीनें त्यांचीं अंगें इतकीं आंखडलीं होतीं कीं, त्यांना हात देऊन बाहेर काढावें लागलें. परंतु लक्षांत घ्यावें कीं, आपल्यासमोर काय आहे हें त्यांस निघतांनाच ठाऊक होतें.

मोटारीचीही हीच कथा आहे. एडमंटन, विनिपेग, फेअरबँक्स येथें मोटारींच्या तोंडांतून विजेची दोरी लोंबतांना दिसते. कचेरीच्या अंगणांत गाडी उभी करावयाची, दोरी खांबावरील विजेच्या जोडणींत खुपसावयाची आणि इंजिनास रात्रभर वा दिवसभर ऊब देत ठेवावयाची. उणे १८ अंशांस बॅटरीचें बळ सुमारें निम्म्यावर येतें, आणि नेमकें त्याच वेळीं दाट तेलामुळें इंजिन फिरविण्यास अधिक बळ लागतें. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरांचा तळ चपटा होऊन तसाच राठ बनतो व पहिला मैलभर गाडी बैलगाडीप्रमाणें धडधडत जाते. रेडिएटरमध्यें पाण्याबरोबर ग्लायकॉल नांवाचें द्रव्य घालतात. येथें एक मौज आहे. शुद्ध पाणी शून्यास गोठतें, शुद्ध ग्लायकॉल सुमारें उणे १३ अंशांस गोठतें. पण दोहोंचें निम्में-निम्में मिश्रण मात्र उणे ३७ च्या आसपासपर्यंत टिकतें. दोघे दुबळे एकत्र आले म्हणजे बलवान होतात, असें रसायनशास्त्रांतही घडतें म्हणावयाचें.

इतकेंच नव्हे, तर या कडक थंडीचा मनुष्यानें उपयोगही करून घेतला आहे. येलोनाइफच्या उत्तरेस गोठलेल्या तळ्यांवरून दरवर्षीं शेंकडो किलोमीटर लांबीचा रस्ता तयार करितात आणि मीटरभर जाड बर्फावरून खाणींकडे मालमोटारी जातात. भरलेल्या गाडीस तेथें ताशीं सुमारें २५ किलोमीटरांची मर्यादा असते. कारण गाडीच्या भारानें बर्फाखालील पाण्यांत एक लाट उठते. गाडी वेगानें गेली तर ती लाट पुढें जाऊन किनाऱ्याजवळ बर्फ फोडते. रस्त्याखालीं लाट चालत असलेली वाहतूक जगांत दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

आतां दुसऱ्या हवेकडे येऊं. बर्फ निसरडें कां असतें? जुन्या पाठ्यपुस्तकांत "दाबामुळें बर्फ वितळतें" असें उत्तर दिलेलें आढळतें. तें अपुरें आहे. माणसाच्या वा मोटारीच्या भारानें वितळणारें बर्फ अगदीं थोडें. खरें कारण असें कीं, बर्फाच्या पृष्ठभागावरील कणांचा अगदीं पातळ थर आंतल्या कणांसारखा घट्ट जखडलेला नसतो, तो अर्धवट द्रवासारखा वागतो. असा थर असावा, ही कल्पना मायकेल फॅरडेनें १८५० सालींच मांडिली होती. घर्षणाच्या उष्णतेनें त्यांत आणखी पाण्याची भर पडते. हवा जसजशी शून्याजवळ येते, तसतसा हा ओला थर वाढतो. म्हणून उणे तीस अंशांच्या कोरड्या बर्फावर टायरास बरीच पकड मिळते, आणि शून्याच्या जवळच्या ओल्या बर्फावर ती जवळजवळ नाहींशी होते. रस्त्यांवर मीठ टाकून बर्फ वितळविण्याची युक्तीही सुमारें उणे नऊ अंशांपर्यंतच उपयोगी पडते. त्याखालीं वाळू वा खडी पसरावी लागते.

आज महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबें टोरोंटो, कॅलगरी, एडमंटन या शहरांत राहतात; आमच्या वाचकांपैकीं कोणाचा भाऊ, कोणाची आत्या तेथें असेल. पुण्या-मुंबईंत उत्तम गाडी चालविणारा मनुष्य तेथें पहिल्या हिवाळ्यांत फसतो, तो बहुधा हिमवादळांत नव्हे. हिमवादळ दिसतें, तो घरींच थांबतो. तो फसतो नोव्हेंबरांतील एखाद्या सौम्य संध्याकाळीं. दिवसा थोडें बर्फ वितळलेलें असतें, आकाश निरभ्र असतें, गाडींतील उष्णतामापक दोन अंश दाखवितो. पण तो आंकडा हवेचा असतो. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते व रस्त्याचा पृष्ठभाग हवेहून थंड होतो. वितळलेलें पाणी त्यावर कांचेसारखें गोठतें. त्यास तिकडे "काळें बर्फ" म्हणतात. तें काळें नसतें. तें पारदर्शक असल्यामुळें खालचें डांबर दिसतें व रस्ता केवळ ओला आहे असा भास होतो. पुलावर हें सर्वांत आधीं होतें, कारण पुलाच्या वरून व खालून, दोन्हीं बाजूंनीं वारा वाहतो व त्यास भूमीची ऊब मिळत नाहीं. त्याच रस्त्यावर पुलाच्या अलीकडे पकड असावी, पुलावर नसावी आणि पलीकडे पुन्हां असावी, असा हा खेळ असतो.

अशा बर्फावर गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागूं शकतें, असें ब्रिटनमधील वाहनचालकांच्या अधिकृत पुस्तिकेंत सांगितलें आहे. तेव्हां पुढच्या गाडीपासून किती दूर राहावें, याचा हिशेब गणितांत कच्च्या मुलासही करितां येईल. हिशेब येणें निराळें व मागून कोणी भोंगा वाजवीत असतां त्याप्रमाणें वागणें निराळें, ही गोष्ट वेगळी. पायाची हालचाल हलकी असावी. वेग वाढविणें, कमी करणें आणि वळणें हीं तिन्ही कामें एकदम करूं नयेत. गाडी घसरलीच तर ब्रेकवर उभें न राहतां वेग देणें थांबवावें आणि जिकडे जावयाचें तिकडेच दृष्टि ठेवून चाक त्या दिशेस हळूच वळवावें. मनुष्याचे हात डोळ्यांच्या मागें जातात. जो खांबाकडे पाहतो तो बहुधा खांबावरच जातो.

वैमानिकाच्या वाट्यास येणारें पाणी याहूनही फसवें असतें. आम्हीं प्रारंभीं दिलेलें वाक्य येथें अपुरें पडतें. पाणी शून्य अंशास गोठूं *शकतें*. गोठलेंच पाहिजे असें नाहीं. स्फटिक बनण्यास कांहीं तरी बीज लागतें. ढगांतील सूक्ष्म थेंबांस तें न मिळाल्यास ते उणे दहा, उणे वीस अंशांपर्यंतही द्रवरूपच राहतात. शुद्ध पाण्याची बाटली बर्फाच्या कपाटांत न हालवितां ठेवून योग्य वेळीं बाहेर काढावी व टिचकी मारावी. साधलें तर पाहतां पाहतां सगळें पाणी गोठलेलें दिसेल. तशा थेंबांनीं भरलेल्या ढगांत विमान शिरलें म्हणजे प्रत्येक थेंबास हवी असलेली टिचकी मिळते. पंखांच्या पुढच्या कडेवर, प्रोपेलरवर, समोरच्या कांचेवर ते आदळतांच गोठतात. फार थंड ढगांत बनणारें बर्फ पांढरें, भुसभुशीत व बरेंचसें दिसणारें असतें. शून्य ते उणे दहाच्या दरम्यान मात्र मोठे थेंब आदळून पसरतात व मग गोठतात. तें बर्फ स्वच्छ, कठीण, जड व काढण्यास अवघड असतें. म्हणजे येथेंही शून्याजवळचाच प्रकार अधिक वाईट.

पुष्कळांस वाटतें कीं, बर्फाच्या वजनानें विमान खालीं येतें. वजन वाढतें हें खरें, परंतु मुख्य हानि आकाराची होते. पंखाची वरची बाजू गुळगुळीत असल्यामुळें हवा तिला धरून वाहते व विमान उचललें जातें. ती खरखरीत झाली कीं, हवेचा प्रवाह लौकर सुटतो. खरखरीत कांचकागदाइतक्या जाडीचा बर्फाचा थर पंखाच्या पुढील भागावर असला, तरी उचलण्याची शक्ति शेंकडा ३० पर्यंत घटूं शकते व हवेचा विरोध शेंकडा ४० पर्यंत वाढूं शकतो. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या लहान विमानाच्या पंखांवर पहाटे दंवाची पांढरी साय दिसते. ती बोटानें पुसली जाते. इतक्यानें काय होणार, असें वाटतें. तेवढ्यानेंच होतें. शहाणा वैमानिक ती सगळी झाडून, पुसून वा द्रव शिंपडून काढतो व नंतर हातमोजा काढून उघड्या हातानें पंख चांचपून पाहतो. कारण स्वच्छ बर्फ डोळ्यांस दिसत नाहीं, बोटांस लागतें.

या बाबतींत १० मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील ड्रायडन येथें घडलेला अपघात आम्हांस फार बोधप्रद वाटतो. एअर ओंटारिओ कंपनीचें एक मध्यम आकाराचें जेट विमान ६९ माणसांस घेऊन निघावयाचें होतें. हवा शून्याच्या आसपास, ओलें बर्फ पडत होतें. विमानांतील साहाय्यक इंजिन बिघडलेलें होतें व मुख्य इंजिनें बंद केल्यास तीं पुन्हां सुरू करण्याचें साधन त्या विमानतळावर नव्हतें. इंजिनें चालूं असतां पंखांवर द्रव शिंपडण्याची परवानगी नव्हती. इतक्यांत एक लहान सेसना विमान बिघडत्या हवेंत सांपडून त्याच तळावर उतरूं पाहत होतें. त्यास वाट देण्यासाठीं मोठें विमान थांबून राहिलें आणि तेवढा वेळ बर्फ पंखांवर सांठत गेलें. प्रवाशांमध्यें दुसरे दोन वैमानिक होते. त्यांस पंखांवरचें बर्फ दिसलें. विमानांतील परिचारिकेसही दिसलें. परंतु चालकापर्यंत कोणी शब्द पोहोंचविला नाहीं. विमान उडालें, पण वर चढलें नाहीं, व धावपट्टीच्या पलीकडील झाडींत कोसळलें. २४ माणसें मेलीं. न्यायमूर्ति व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगानें या घटनेची चौकशी केली व १९९२ सालीं सविस्तर अहवाल दिला. त्यांत केवळ चालकास दोष देऊन काम भागविलेलें नाहीं; घाई, काटकसर, देखरेखींतील ढिलाई आणि बोलावयाच्या वेळीं पाळलेलें मौन या सर्वांचा माग काढिला आहे. वर्गांत फळ्यावरील चूक दिसूनही "सरांस कसें सांगावें" म्हणून गप्प बसणाऱ्या मुलांनीं त्या दोन प्रवासी वैमानिकांचा विचार अवश्य करावा.

शून्याच्या *वरच्या* बाजूसही बर्फ बनतें, असें सांगितलें तर कित्येकांस थट्टा वाटेल. लहान विमानांच्या पुष्कळशा इंजिनांत अद्यापि कार्बुरेटर असतो. त्याच्या अरुंद घशांत हवेचा दाब कमी होतो व पेट्रोलची वाफ होते. दोन्ही क्रियांनीं उष्णता शोषली जाते. ओल्या हातावर स्पिरिट घातलें असतां गार लागतें, तसेंच हें. हवा तेथें वीस अंशांनीं, क्वचित् त्याहूनही अधिक थंड होते. म्हणजे बाहेर पंधरा-वीस अंशांची आल्हाददायक हवा असतांना आंत बर्फ धरतें व इंजिनाचा श्वास कोंडतो. हवा दमट असली कीं झालेंच. हा धोका केवळ हिमप्रदेशाचा नव्हे. पावसाळ्यांत आमच्या महाराष्ट्रांत शिकाऊ विमान उडविणाऱ्या विद्यार्थ्यासही तो माहीत असावा लागतो. उपाय सोपा आहे. इंजिनाच्या निकासनळीवरून तापलेली हवा आंत घेण्याची एक खुंटी असते, ती ओढावयाची. पण ओढतांच इंजिन प्रथम अधिकच खोकूं लागतें, कारण वितळलेलें पाणी त्याच्या पोटांत जातें. नवशिका घाबरून खुंटी पुन्हां आंत ढकलतो. गुण येण्यापूर्वीं औषधाची कडू चव सोसावी लागते, हें त्यास कोणी आधीं सांगितलें असेल तरच तो धीर धरतो.

हिवाळ्यांत रस्ता व आकाश यांची निवड करण्याचा प्रसंग कसा येतो, याचें एक दुःखद उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९५९ च्या जानेवारींत कांहीं तरुण गायक गांवोगांव जलसे करीत मोटारबसनें हिंडत होते. बसमधील ऊब देणारें यंत्र वारंवार बिघडे. एका वादकाचे पाय हिमदंशानें इतके सुजले कीं त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें. या त्रासास कंटाळून बडी हॉली या गायकानें एक लहान विमान भाड्यानें घेतलें. ३ फेब्रुवारीस मध्यरात्रीनंतर सुमारें एक वाजतां, आयोवांतील क्लिअर लेक जवळच्या विमानतळावरून तें उडालें आणि कांहीं मिनिटांतच शेतांत कोसळलें. तीन गायक व एकवीस वर्षांचा वैमानिक, चौघेही गेले. इंजिन बिघडलें नव्हतें. हलकें बर्फ पडत होतें, चंद्र-तारे दिसत नव्हते, खालीं दिवे नव्हते. क्षितिजच नाहींसें झालें होतें. केवळ यंत्रांवर पाहून उडण्याचा परवाना त्या तरुणाजवळ नव्हता व पुढील हवेची पुरेशी सूचनाही त्यास मिळाली नव्हती.

क्षितिज गेलें म्हणजे अनुभवी मनुष्यही कां फसतो, हें शरीरशास्त्रांत सांपडतें. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकें वळलें कीं द्रव मागें राहतो व आपणांस वळल्याचें कळतें. परंतु वळण एकसारखें चालूं राहिलें तर थोड्याच वेळांत द्रवही बरोबर फिरूं लागतो व "मी सरळ जात आहें" अशी खात्री वाटते. १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत, यंत्रांवरून उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचें कांहीं न दिसतां विमान ताब्यांत ठेवणें त्यांस सरासरीनें १७८ सेकंदच साधलें. म्हणजे तीन मिनिटेंही नव्हेत. मोटारवाल्याचा असा भ्रम झाला तर निदान त्यास थांबतां येतें. वैमानिकास तीही सोय नाहीं. त्याचें थांबणें निघण्यापूर्वींच झालें पाहिजे. हवा वाईट असल्यामुळें बेत रद्द करणाऱ्यास भित्रा म्हणण्याची जी रीत तरुणांत आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

आणखी एक शत्रु या दोन्ही सारथ्यांस समान आहे व तो थंडीच्या पाठीआड उभा असतो. बर्फांत रुतलेल्या मोटारींत माणसें ऊब यावी म्हणून इंजिन चालूं ठेवून बसतात. मागची धूर जाण्याची नळी बर्फानें बुजली तर कार्बन मोनॉक्साइड वायु आंत भरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंप आल्यासारखें वाटतें व जाग येत नाहीं. म्हणून तेथील उपदेश असा कीं, गाडी सोडून भटकूं नये. नळी फावड्यानें मोकळी करावी. तासांतून दहा मिनिटेंच इंजिन चालवावें व खिडकी किंचित् उघडी ठेवावी. लहान विमानांतही ऊब बहुधा निकासनळीभोंवतालून घेतात. त्या नळीस तडा गेला तर हाच वायु चालकाच्या नाकाशीं येतो. २१ जानेवारी २०१९ च्या रात्रीं इंग्लिश खाडींत कोसळलेल्या लहान विमानांत एमिलियानो साला हा फुटबॉलपटु होता. त्याच्या रक्तांत या वायूचें प्रमाण अतिशय मोठें आढळलें आणि चालकावरही त्याचा अंमल चढला असावा, असें चौकशींत ठरलें. या वायूची सूचना देणारें यंत्र हाताच्या पंजाएवढें असून फारसें महागही नसतें.

अलास्काच्या कायद्यानें वैमानिकानें विमानांत अन्न, आग पेटविण्याचें साहित्य, इशाऱ्याचें साधन इत्यादि वस्तु बाळगल्या पाहिजेत. १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळांत त्यांत बर्फावर चालण्याचे जोडे, झोपण्याची पिशवी व लोंकरी कांबळीं यांची भर पडते. मोटारवाल्यावर असा कायदा नाहीं, पण जाणता मनुष्य फावडें, वाळूची पिशवी, कांबळें, मेणबत्ती, काड्यापेटी, पाणी व थोडें खाणें गाडींत ठेवूनच निघतो. वैमानिकाचा कागदोपत्रीं विधिही पाहण्यासारखा असतो. तो हवेचें तपमान व दंवबिंदु हे दोन आंकडे शेजारीं लिहितो. दोहोंतील अंतर दोन-तीन अंशांवर आलें आणि आंकडे शून्याजवळ असले, कीं धुकें, दंव व बर्फ हीं तिन्ही दाराशीं आलीं असें समजतो.

या शून्याची गांठ वर्षांतून दोनदां पडते: शरदांत नद्या गोठतांना व वसंतांत फुटतांना. पूर्वींच्या काळीं नदी-तळ्यांवर उतरणाऱ्या वैमानिकांस हे दोन काळ सर्वांत कठीण जात. पाण्यावर तरंगणारीं विमानें बर्फामुळें उतरूं शकत नसत आणि बर्फ स्कीचा भार पेलण्याजोगें नसे. मग विमानें काठावर ओढून ठेवीत व दूरची गांवें टपालावांचून वाट पाहत बसत. अलास्कांतील नेनाना या गांवीं १९१७ सालापासून एक गंमत चालत आली आहे. तेथील गोठलेल्या टानाना नदीवर एक लांकडी घोडी उभी करितात व तिची दोरी काठावरील घड्याळास बांधितात. बर्फ हललें, घोडी वाहूं लागली कीं दोरी ताणून घड्याळ बंद पडतें. ती तारीख, तास व मिनिट कोणतें असेल याविषयीं लोक पैजा लावितात. बहुतेक वर्षीं तो क्षण एप्रिलच्या अखेरीस वा मेच्या पूर्वार्धांत येतो. त्यानंतर नदीवर ना चाक चालतें, ना स्की, आणि नावेस अद्याप कांहीं दिवसांचा अवकाश असतो.